मागे राहणाऱ्याची खोली

भाड्याची खोली मिळवण्यासाठी माणूस काय काय बोलतो! मी शाकाहारी आहे असं बोललो आहे. मला सिगारेटच्या वासाने चक्कर येते असं बोललो आहे. कोरमंगलातल्या एका बाईंना तर मी हात जोडून सांगितलं होतं की मला मित्रच नाहीत. पण येलहंक्याच्या त्या घरात माझी जी फजिती झाली, तशी पुन्हा कुठेच झाली नाही.

नव्वदीची सुरुवात. नागपूरहून नोकरीसाठी बंगलोरला नुकताच आलेलो. कन्नड शून्य, आणि सकाळ-संध्याकाळ भातावर जगणं चाललेलं. कुणीतरी म्हणालं, येलहंक्यात एक मराठी ख्रिस्ती गृहस्थ आहेत, मूळचे नगरकडचे, त्यांची मागची खोली रिकामी आहे. मी शिवाजीनगरहून बस पकडली आणि भर दुपारी त्यांच्या दारात उभा राहिलो.

दार उघडलं. पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्रीची पँट, आणि घरात असूनही पायात काळे बूट. असे चकाकणारे की वाकलो असतो तर भांग पाडता आला असता.

"बाहेर निघालात वाटतं. मी नंतर येतो," मी म्हणालो.

"निघालेलोच आहे," ते म्हणाले. "पण अजून बोलावणं आलेलं नाही. बसा."

मी बसलो. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. समोर खुर्ची ओढून, गुडघ्यांवर हात ठेवून विचारलं, "तुमचा तारणारा कोण?"

आता मी काही अगदीच बावळट नव्हतो. भिंतीवर क्रूस होता, कपाटावर जाडजूड पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल होतं. मी डोळे अर्धे मिटले, आवाज दोन पट्ट्या खाली आणला आणि म्हणालो, "प्रभू येशू."

त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं मी चुकून शिवी दिली.

"अगं," ते आत वळून म्हणाले, "हेही जाणारेच निघाले."

आतून बाईचा आवाज आला, "अय्यो! मग जाणाऱ्याला स्वल्प चहा तरी देऊ का?"

"माफ करा," ते मला म्हणाले. "खोली मागे राहणाऱ्यासाठी आहे. तुमचा आम्हाला उपयोग नाही."

मला एक अक्षर कळलं नव्हतं. पण खोली हातची चालली आहे एवढं कळलं. मी तत्काळ धर्मांतर केलं. "काका, खरं सांगू? मी नागपूरच्या टेकडीच्या गणपतीचा. दर मंगळवारी दर्शन. पेपर असला तरी."

"बाप्तिस्मा घेण्याचा विचार?"

"अजिबात नाही."

"पुढे कधी?"

"शक्यच नाही. आई जीव देईल."

त्यांच्या तोंडावर असं हसू पसरलं की क्रूसावरचा बल्बसुद्धा फिका पडला. "मग सामान कधी आणताय?"

तर हे आमचे मालक. हयातभर एका मोठ्या सरकारी कारखान्यात भोंगा वाजवण्याचं काम केलेलं. सकाळचा भोंगा, जेवणाचा, पाळी सुटल्याचा. हजारो माणसं त्यांच्या एका बोटावर आत-बाहेर करायची, आणि त्यात त्यांनी मनुष्यजातीचा जो अभ्यास केला तो कुठल्या विद्यापीठात होत नाही. "भोंगा वाजल्यावर धावणारी माणसं मी बघितली आहेत," ते सांगत. "एका हातात डबा, एका पायात चप्पल. फाटक बंद होताना त्यांची तोंडं बघायची असतात. प्रभूचा कर्णा वाजेल तेव्हा माझं तोंड तसं नसेल. भोंगा वाजल्यावर बूट शोधायचे नसतात."

म्हणून बूट. जेवताना बूट, वर्तमानपत्र वाचताना बूट, झोपतानाही बूट. आमच्या अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, यावर एकच म्हणत, "चादरी मी धुते, प्रभू नाही धूत."

त्यांचं म्हणणं असं. प्रभू कोणत्याही क्षणी येणार. पापणी लवेल तेवढ्यात विश्वासणारे वर उचलले जाणार आणि बाकीचे इथंच राहणार. आता मला सांगा, समजा त्या क्षणी गॅसवर दूध आहे आणि दूध बघणारा माणूस वर गेला. पुढे? मोटार चालू आहे, टाकी भरून वाहते आहे, आणि बंद करणारा स्वर्गात! सगळ्या ख्रिस्ती जगाने शेवटच्या दिवसाचा विचार केला असेल, पण गॅसचा विचार एकट्या आमच्या मालकांनी केला होता. त्यांच्या घरात नियमच होता. विस्तव पेटलेला असेल तिथं मागे राहणारं एक माणूस हजर पाहिजे. ते स्वतः एकटे असताना चहासुद्धा करत नसत. अक्का बाजारात गेल्या की मला हाक येई, "या हो, जरा स्वयंपाकघरात उभे राहा, मला पाणी तापवायचंय."

आणि तालीम! कारखान्यात आगीची तालीम होते ना, तशी. रविवारी दुपारी मी अंगाला साबण लावून उभा असे आणि गच्चीवरून गर्जना येई, "गेलो!" की मी पळायचं. आधी गॅस, मग मोटार, मग विजेचं मुख्य बटण. एकदा मी टॉवेल गुंडाळून, डोळ्यांत साबण, धडपडत सगळं बंद केलं आणि अंगणात येऊन ओरडलो, "झालं!" गच्चीच्या कठड्यावरून त्यांचं गंभीर तोंड डोकावलं. "कोंबड्यांचं पाणी राहिलं," ते म्हणाले.

त्या वेळी अक्का पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. त्या हसत हसत म्हणाल्या, "तुम्ही व्हा हो पुढे. मी सगळं बंद करून येते."

हे त्यांचं पालुपद होतं. प्रार्थनेला निघताना मालक दारातून विचारत, "येतेस का?" रोज विचारत, लग्न झाल्यापासून विचारत. आणि अक्का रोज म्हणत, "तुम्ही व्हा पुढे. मी गॅस बंद करून येते." मग गॅस बंद होई, भांडी घासून होत, झाडांना पाणी घालून होई, आणि अक्का घरीच असत.

अक्का बंगलोरच्याच. शिवाजीनगरला त्यांच्या भावाचं शिंपीकामाचं दुकान होतं. "आमचे लोक शहाजीराजांबरोबर आले," त्या सांगत. "राजे गेले, फौज गेली, आम्ही राहिलो. आमच्या घराण्याला मागे राहायची सवयच आहे." मालक तरुणपणी त्या दुकानात कारखान्याचा गणवेश शिवायला टाकत. एवढे गणवेश एका माणसाला लागत नाहीत हे भावाला उशिरा कळलं. लग्न कचेरीत झालं. भावाने दार लावून घेतलं. अक्कांनी माहेर सोडलं, पण बाप्तिस्मा घेतला नाही. "केवढं केवढं सोडू?" त्या म्हणत. "स्वल्प काही राहू द्या की अंगावर."

हळदीच्या डब्यामागे त्यांच्या देवीचा टाक होता. बोटाएवढा. सकाळी मालक अंघोळीला गेले की त्या डबा सरकवत, हात जोडत, डबा जागेवर ठेवत. हे गुपित मला कळलं तेव्हा मी फार खूश झालो. एवढा मोठा शेवटचा न्याय डोक्यावर लटकलेला आणि फळीवर हळदीआड देवी! मी ते जपून ठेवलं होतं. मालकांना कधीतरी चिडवायला कामी येईल म्हणून.

अंगणात अक्कांनी नारळाचं रोप लावलं त्या दिवशीचा संवाद मला अजून पाठ आहे.

"याला फळ धरेपर्यंत कोण इथं राहणार आहे?" मालक.

"मी आहे की."

"सात वर्षं लागतात."

"सरी, चालेल. बसते की. मला कुठं जायचंय?"

मी मोठ्याने हसलो. मालक हसले नाहीत. बूट वाजवत आत गेले.

त्या संध्याकाळी ते धुण्याच्या दगडावर बसून बुटांना पॉलिश करत होते. पाय मात्र मोज्यांसह दुसऱ्या जुन्या बुटांत. पॉलिशच्या वेळेसाठी त्यांनी बदलीचे बूट ठेवले होते. डोक्यावरून विमानदलाचं विमान गेलं. येलहंक्यात विमानदलाचा तळच आहे, त्यामुळे विमानांकडे कुणी मान वर करून बघत नाही. मालक तर तुच्छतेने म्हणत, "हे माणसांचे भोंगे." त्या दिवशी तेही म्हणाले नाहीत. मी गंमत करायला गेलो. "काका, तुम्ही गेलात की या खोलीचं भाडं मी कुणाला द्यायचं?"

ते ब्रश फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं, मला गॅसची काळजी आहे?"

मी दगडाच्या कडेला टेकलो.

"जळू दे की घर. सगळं जगच जळणार आहे. ती गोळी विसरते, रक्तदाबाची. रोज मी तिच्या तळहातावर ठेवतो. पाणी पिईपर्यंत उभा राहतो. मी गेल्यावर कोण उभं राहणार? म्हणून तुम्हाला ठेवलंय. कर्ता-सवरता, बऱ्या घरचा, आणि..." ते थांबले, "...आणि नक्की इथंच राहणारा."

"मग जाऊ नका ना काका."

"विचारत नाहीत ना! भोंगा काय विचारून वाजतो?" त्यांनी बूट उलटा करून टाच बघितली. "एक सांगतो, पास्टरना बोलू नका. मंडळीत सगळे प्रार्थना करतात, प्रभू लवकर ये. मीही मोठ्याने तेच म्हणतो. आणि मनात म्हणतो, आज नको. तिला एकदा कळू दे, मग ये. आज राहू दे." ते हसल्यासारखे झाले. "सगळ्यांत तयार माणूस मी. आणि रोज फाटक धरून उभा आहे, बंद करू नका, आमचं एक माणूस यायचंय."

मग उठताना, जणू मोटारीबद्दल सांगावं तसं म्हणाले, "आणि हळदीच्या डब्यामागे तिची देवी आहे. मी गेल्यावर बाहेर काढून ठेवा. मग तिला लपून हात जोडायला नको."

माझा चिडवायचा सगळा दारूगोळा भिजून गेला.

हिवाळ्यातला एक शनिवार. अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे दिवस. सगळं बंगलोर शेंगा सोलत असतं तेव्हा. विमानदलाचा काही मोठा सराव चालला होता आणि सकाळपासून आभाळ टराटरा फाटत होतं. माझं ऑफिस अर्धा दिवस. स्कूटरवरून घरी आलो तर फाटकापासूनच जळक्या दुधाचा वास. मी तालमीतल्या शिपायासारखा धावलो. पातेलं काळंठिक्कर, गॅस चालू, स्वयंपाकघर धुराने भरलेलं. आधी गॅस बंद केला. मग पाहिलं. जमिनीवर अर्ध्या सोललेल्या शेंगांची परात, तिच्याशेजारी अक्कांचा चष्मा. दाराशी त्यांच्या चपला. अक्का नाहीत.

मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर मालक बसले होते. अनवाणी.

मी त्यांचे पाय पहिल्यांदा पाहिले. वर्षानुवर्षं बुटात राहिलेले, पांढरेफटक, सुरकुतलेले, कुणा दुसऱ्याचेच वाटावेत असे. बूट दूर, नारळाच्या रोपापाशी फेकलेले.

त्यांनी मान वर केली. "तुम्ही आहात होय," ते म्हणाले. "मग बरोबरच आहे. तुम्ही राहणारच होता."

"काका, अक्का कुठं आहेत?"

"गेली." मग आणखी हळू, "ती गेली. मला ठेवलं."

आता हे लिहितानाही मला आधी हसू येतं आणि मग ते कुठेतरी अडकतं. ते पास्टरांकडे गेले होते, तर पास्टरांच्या घराला कुलूप. ती मंडळी कोलारला लग्नाला गेली होती, पण हे त्यांना माहीत नव्हतं. घरी आले तर गॅस चालू, आणि या घरात पेटता गॅस सोडून कुणी हलत नाही, अक्का तर मुळीच नाही. चष्मा जमिनीवर. चपला दारात. चपलांशिवाय माणूस कुठं जातं? त्यांना तर एकच ठिकाण माहीत होतं.

"मला ऐकूच आलं नाही," ते म्हणाले. "उभी हयात भोंगा वाजवला हो! आणि मला ऐकू आलं नाही. विमानांच्या आवाजात..." त्यांनी कानांवर हात ठेवले. पण मग त्यांच्या त्या चेहऱ्यावर, खोटं सांगत नाही, आनंद उमटला. "पण गेली! बाप्तिस्म्याचं पाणी न घेता गेली! डब्यामागच्या देवीसकट घेतलं तिला! केवढं मोठं फाटक असेल बघा, आणि मी इथं बसून..." ते तळपायांकडे बघत हुंदके देऊ लागले. अक्कांसाठी हसत होते आणि स्वतःसाठी रडत होते, दोन्ही एकाच तोंडाने.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि समोरच्या बाई धावत आल्या. "अंकल! इथं काय बसलात? अक्का पडल्या, हात-पाय हलेनात, मी रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं! कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला सांगून गेले होते की अंकल आले की पाठव!"

इस्त्रीवाल्याला सगळं ठाऊक होतं. मालक त्याच्या समोरूनच आले होते, आणि तो मान खाली घालून निखारे बदलत होता. मालकांनी त्याला विचारलं नाही. उचलून नेलेल्या माणसाचा पत्ता कोण इस्त्रीवाल्याला विचारतो?

आम्ही त्याच रिक्षातून निघालो. मालक तसेच अनवाणी. वाटेत एकदाच म्हणाले, "मी बसून राहिलो. ती तिथं वाट बघत होती आणि मी बसून राहिलो."

अक्कांची उजवी बाजू गेली होती. तोंड वाकडं झालं होतं. पण डोळे जागेवर होते. त्यांनी आधी मालकांचे पाय बघितले, बराच वेळ बघितले. मग मोठ्या प्रयासाने जीभ वळवत म्हणाल्या, "गॅस?"

"बंद केला," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पास्टर आले. तरुण, सज्जन, चार भाषांत उपासना चालवणारा माणूस. त्याला मी वाईट म्हणणार नाही. बुडणाऱ्याला दोरी टाकायची एवढंच त्याला ठाऊक होतं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. पास्टरने बाप्तिस्म्यासाठी स्टीलच्या पेल्यात पाणी मागवलं आणि मालकांना बाजूला घेऊन म्हणाला, "ब्रदर, आता वेळ नाही. बोलता येत नसलं तरी चालेल. नुसती मान हलली तरी मी होकार समजेन. तुम्ही तिचा हात धरा आणि विचारा."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. उभ्या आयुष्यात या माणसाने जे एकच मागितलं ते आता स्टीलच्या पेल्यात, हाताच्या अंतरावर होतं. अक्का नाही म्हणू शकत नव्हत्या. ग्लानीत त्यांची मान आपोआप हलत होती. खाली-वर, श्वासाबरोबर. कुणीही तिला होकार म्हटलं असतं. आणि मी, टेकडीच्या गणपतीचा भक्त, मनात ओरडत होतो, घ्या ना काका! पाणीच तर आहे! शिंपडा आणि सुटा!

मालक वाकले. रोज दारातून विचारत त्याच आवाजात म्हणाले, "येतेस का?"

अक्कांनी डोळे उघडले. डावा हात थोडा उचलला आणि दाराकडे केला. जसा त्या घरी करत, शेंगांच्या परातीवरून. शब्द फुटला नाही. पण तो हात काय म्हणतो हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच कळत होतं.

मालकांनी तो हात खाली ठेवला, पांघरुणात घेतला. मग पास्टरला म्हणाले, "राहू द्या."

"ब्रदर, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय..."

"कळतंय. मलाच सगळ्यांत जास्त कळतंय. राहू द्या."

पास्टर पेला हातात घेऊन उभा राहिला. शेवटी त्याने तो खिडकीत ठेवला. संध्याकाळी त्यातलंच पाणी मालकांनी चमच्याने अक्कांच्या ओठांना लावलं. नुसतं पाणी म्हणून.

दोनेक दिवसांत अक्का गेल्या. शिवाजीनगरहून त्यांचा भाऊ आला, म्हातारा झालेला, गळ्यात मापाची फीत तशीच. इतक्या वर्षांनी बहिणीला बघायला आला तो असा. अग्नी त्याने दिला. मालक मागे उभे होते. मंडळीतलं कुणी आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर बाहेर थांबलं असेल. ज्वाळा वर गेल्या तेव्हा मालक माझ्या कानाशी म्हणाले, "बघितलंत? विस्तवाजवळ कोण उभं आहे?" मी आजवर या वाक्याचा अर्थ कुणाला सांगितलेला नाही, ज्याला ते घर माहीत नाही त्याला कसा सांगणार?

त्यानंतर त्या घरात तालीम झाली नाही. मी मुद्दाम रविवारी साबण लावून थांबायचो. गच्चीवरून काही येत नसे. त्यांनी बूट घातले नाहीत. प्रार्थनेला गेले नाहीत. पास्टर दोनदा आला, दोन्ही वेळा शास्त्र उघडून बसला. मालक त्याला चहा देत आणि खिडकीबाहेर नारळाकडे बघत. एकदा मला म्हणाले, "तो तासभर मला सगळं कळलं होतं. दगडावर बसलो होतो तेव्हा. ती वर, मी खाली. दुःख होतं, पण हिशेब लागत होता. आता लागत नाही. ती कुठं आहे ते शास्त्रात लिहिलंय, आणि मला ते वाचवत नाही." मी काहीतरी समजुतीचं बोललो. ते ऐकून घेतल्यासारखे करून आत गेले.

मग माझं लग्न ठरलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं. निघताना त्यांनी मला थांबवलं नाही. "आता मागे कुणाजवळ राहायचंय तुम्हाला?" एवढंच म्हणाले.

पुन्हा गेलो तो दशक संपता संपता. काय थाट होता तेव्हाचा! नवं साल लागलं की जगातले सगळे संगणक बंद पडणार, विमानं खाली येणार, बँका बुडणार अशी हवा होती, आणि तसं होऊ नये म्हणून कंपनी मला पगार देत होती. म्हणजे मीच आता जगबुडीच्या धंद्यात! हे मालकांना सांगून हसवावं म्हणून मोठ्या तयारीने गेलो. दारातच वाक्य म्हटलं. ते हसले नाहीत. "वाजेल तेव्हा वाजेल," म्हणाले. पायात रबरी स्लिपर. शर्ट चुरगळलेला.

मागच्या खोलीत नवा भाडेकरू होता, कोलारच्या सोन्याच्या खाणींकडचा एक तरतरीत तरुण, गुणगुणत शर्टाची बटणं लावत होता. ओठांवर भजन. येशूचं.

"काका, हा तर जाणारा आहे!" मी म्हणालो.

"बघूनच घेतला. तीन जण परत पाठवले. एक तुमच्यासारखा गणपतीचा होता."

त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला. स्वतः, एकट्याने, विस्तवासमोर स्टूल घेऊन बसले, दूध वर येईपर्यंत हलले नाहीत. मग गॅस बंद केला, बटण पुन्हा एकदा दाबून बघितलं. हळदीचा डबा एका बाजूला सरकवलेला होता आणि फळीवर, उजेडात, बोटाएवढा टाक पुसून ठेवलेला. खिडकीतून नारळ दिसत होता. फळ धरलं होतं.

आम्ही चहा पीत बसलो. तेवढ्यात तो नवा मुलगा प्रार्थनेला निघाला म्हणून दारात आला. पायात काळे बूट. त्याला किंचित मोठे, पण असे चकाकणारे की मी ते लगेच ओळखले. त्याने कन्नडमध्ये विचारलं, "अंकल, येता का?"

मालकांनी कप खाली ठेवला. त्या पोराला मराठी येत नव्हतं, तरी ते मराठीतच म्हणाले, "तू हो पुढे. मी गॅस बंद करून येतो."

पोराने मान हलवली आणि गेला. अंगणातून बुटांचा आवाज लांब लांब जात राहिला.

मी वळून शेगडीकडे पाहिलं. गॅस बंदच होता.